हवालदार तिसऱ्या मजल्यावर

दार आपटलं. सिलिंडरवाल्यासाठी खिशातून काढलेलं कार्ड हौसेरावांच्या हातात तसंच राहिलं.

ते वळले, दार ढकललं. लॅच बसलं होतं. चावी आत, टीव्हीशेजारच्या खिळ्याला. आत पिऊ होती, त्यांची दोन वर्षांची नात. आणि तिच्याबरोबर घरात हवालदार होता.

"काय झालं आजोबा?" सिलिंडरवाल्यानं विचारलं.

"पोरगी आत हाय," हौसेराव म्हणाले. "आन् कुत्रा."

"मग? पाळीव आहे ना?"

हौसेरावांनी पुन्हा दार ढकलून पाहिलं.

सिलिंडरवाला खालच्या चौकातून चावीवाल्याला आणतो म्हणून जिना उतरत गेला. हौसेरावांनी फोन लावला. शिवतेज, त्यांचा मुलगा, उरणला कंटेनर घेऊन गेला होता. त्याचा फोन लागला नाही. बायको शकुबाई भाजीला गेलेल्या, त्यांचा फोन आतच वाजत होता. शेवटी सून राजलक्ष्मीनं उचलला. ती जवळच्याच एका दवाखान्यात नर्स होती.

"अण्णा, गॅलरीची कडी लावली होती ना?"

रोज कामावर जाताना ती हेच विचारायची आणि हौसेराव रोज "व्हय" म्हणायचे. आत्ता त्यांनी आठवून पाहिलं. हवालदारची भाताची थाळी गॅलरीत ठेवली, तेवढ्यात बेल वाजली. सिलिंडरवाल्यावर कुत्रा भुंकू नये म्हणून ते घाईनं बाहेर आले. कडी? हात कडीकडं गेलेला आठवत होता. पण तो आजचा होता की कालचा?

"अण्णा?"

"न्हाय आठवत, पोरी."

फोन बंद झाला.

हौसेरावांनी दाराला कान लावला. आत पिऊ काहीतरी बोलत होती. तिचं बोलणं अजून शब्दांत नीट बसत नव्हतं. हवालदारला ती 'हवा' म्हणायची. गॅलरीच्या दारात आडव्या लावलेल्या फळीवरून वाकून "हवा, हवा" करत राहायची आणि शकुबाई तिला ओढून आत न्यायच्या.

घरातल्या सगळ्यांनाच त्या कुत्र्याची भीती होती, आणि ती खोटी नव्हती. कळंबोलीच्या लोखंड बाजारातल्या एका यार्डात हौसेरावांनी वॉचमन म्हणून आयुष्य काढलं होतं. साताऱ्याकडचं गाव सोडल्यापासून पत्र्याची केबिन हेच त्यांचं घर. बायको-मुलं आधी गावाला होती, नंतर इथं तिसऱ्या मजल्यावर राहायला आली, तरी हौसेराव रविवारी जेवायला येणार आणि संध्याकाळी पुन्हा यार्डात जाणार. हवालदार पिल्लू होता तेव्हाच शेठनी बजावलं होतं, "हौसेराव, लाड करायचे नाहीत. लाडावला की कामातून गेला." म्हणून त्यांनी कधी त्याच्या अंगावरून हात फिरवला नाही. त्यांच्याशिवाय कुणी त्याला खायला घातलं नाही. भंगार उचलायला भिंतीवरून उतरलेल्या दोन माणसांच्या पोटऱ्या त्यानं फोडल्या, तेव्हा अख्ख्या बाजारात त्याचं नाव झालं. ट्रकवाले गेटाबाहेरूनच हाक मारायचे, "ओ मामा, हवालदारला बांधा आधी!"

मग यार्ड विकलं गेलं. नव्या मालकानं कॅमेरे बसवले. हौसेरावांना नारळ मिळाला. कुत्र्याजवळ जायची कुणाची छाती होईना. टेम्पोत मागं साखळी धरून हौसेराव त्याला घरी घेऊन आले.

पहिल्या दिवशी शकुबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी आतूनच म्हणाल्या, "आवो, जरा गोंजारा की त्येला. बिचारं घाबरलंय नव्या जागी." हौसेरावांनी हात पुढं केला, तर हवालदार अंग चोरून जमिनीला चिकटला. त्याला वाटलं, काठी बसणार. शकुबाई बघत होत्या. हौसेरावांनी हात मागं घेतला आणि उगाचच गॅलरीतली कुंडी सरकवली.

आत काहीतरी पडलं. जर्मनची थाळी फरशीवर घसरावी तसा आवाज.

थाळी! हवालदार खात असताना ते स्वतःसुद्धा जवळ जात नसत.

"पिऊ! ए बाळा! हिकडं ये, दाराकडं ये!"

एकदा गुरगुर ऐकू आली. बारीक, लांबलेली. मग काहीच नाही. पिऊ रडली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. शेजारच्या गिरजाबाई बाहेर आल्या, त्यांनी विचारलं, हौसेरावांनी काहीतरी सांगितलं. काय सांगितलं ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही. त्यांनी खांद्यानं दाराला धडक दिली. दार मजबूत होतं. शिवतेजनं मुद्दाम चांगलं बसवून घेतलं होतं.

राजलक्ष्मी युनिफॉर्मवरच धावत जिना चढून आली. तिच्या मागोमाग चावीवाला. ती सासऱ्यांना बाजूला सारून पुढं गेली. दाराशी बसून, तोंड फटीला लावून "पिऊ, मम्मा आली, पिऊ" एवढंच म्हणत राहिली. चावीवाल्यानं पत्र्याची पट्टी घातली, काढली, दुसरी घातली. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

खट् झालं.

पिऊ हॉलमध्ये फरशीवर बसली होती. थाळी तिच्या मांडीत. गालाला, केसांना, बोटांना भात. ती खात होती. तिच्यापासून हातभर अंतरावर हवालदार उभा होता, लाळ गाळत, थाळीकडं बघत. तो आपली पाळी यायची वाट बघत होता.

"अरे देवा," राजलक्ष्मी म्हणाली आणि तिथंच भिंतीला टेकली.

चावीवाल्याला पोर तेवढी दिसली. "आजा बेटा," म्हणत तो सगळ्यांच्या आधी आत शिरला आणि पिऊला उचलायला वाकला.

हौसेराव ओरडेपर्यंत हवालदारनं त्याचा हात दातांत धरला होता.

पुढचं सगळं राजलक्ष्मीनं केलं. हवालदारला हौसेरावांनी साखळीला धरून गॅलरीत कोंडलं, तोवर तिनं चावीवाल्याचा हात नळाखाली धरला होता. साबण लावून ती पुन्हा पुन्हा धूत होती. धुता धुता तिनं विचारलं, "अण्णा, याला रेबीजची लस कधी दिली होती?"

यार्डातल्या कुत्र्याला लस द्यायची असते, हे हौसेरावांना कुणी सांगितलं नव्हतं.

राजलक्ष्मीनं त्यांच्याकडं पाहिलं. मग पिऊच्या तोंडातला भात बोटानं काढायला लागली.

चावीवाल्याला इंजेक्शनं सुरू झाली, कुत्र्याच्या थाळीतलं खाल्लं म्हणून पिऊलाही. डॉक्टर म्हणाले, दहा दिवस कुत्र्यावर नजर ठेवा. त्यानं खाणं सोडलं, वागणं बदललं, तर ताबडतोब कळवा.

मग हौसेरावांनी नजर ठेवली. गॅलरीच्या दाराशी पाट टाकून ते बसून राहायचे. हवालदार पाणी प्यायला की "प्यालं, प्यालं" म्हणून घरात सांगायचे. एके दुपारी त्यानं भात हुंगून तसाच ठेवला, तर हौसेरावांनीही आपलं ताट बाजूला सारलं. संध्याकाळी त्यानं थाळी चाटून पुसून लख्ख केली, तेव्हा ते न्हाणीघरात जाऊन तोंड धुऊन आले. पिऊला जरा कणकण वाटली तरी शकुबाई तिला मांडीवरून उतरवत नसत. शिवतेज घरी आला की बापाशी बोलायचा नाही.

चावीवालाही यायचा. हाताला पट्टी, दाराबाहेरच उभा. "चाचा, कुत्ता ठीक आहे ना?"

"हाय, हाय. बघा की."

तो मान लांब करून गॅलरीकडं बघायचा आणि निघून जायचा. त्यालाही घरी दोन मुली होत्या. एकदा त्यानं हवालदारसाठी पाव आणला. "खाल्ला तर मला पण झोप येईल," म्हणाला. हवालदारनं पाव खाल्ला.

मुदत सरली. हवालदार ठणठणीत होता. राजलक्ष्मीनं डॉक्टर आणून त्याला लस दिली, लॅचच्या जागी साधी कडी बसवली. पण शिवतेजनं आपलं ठरवलं होतं. उरणकडच्या एका गोदामाच्या मालकाला, गोटीराम नावाच्या माणसाला, त्यानं सांगून ठेवलं होतं.

"अण्णा, तो राखणीचा कुत्रा आहे. तिकडं त्याला काम मिळेल. इथं आपण रोज टेन्शनमध्ये जगायचं का?"

हौसेराव म्हणाले, "तुझं खरं हाय."

ते खरंच होतं. त्यांनी स्वतःच साखळी पुसली. शकुबाईंनी सकाळी जास्तीचा भात टाकला.

गोटीराम दुपारी जीप घेऊन आला. धिप्पाड माणूस, मोठ्या आवाजाचा. "कनचा तो? दाखव जरा. माझे गोदामान रातचे लय लोक शिरतान. मना कडक कुतरा पायजे."

हौसेरावांनी हवालदारला हॉलमध्ये आणलं. साखळी हातात घट्ट धरली. पिऊला राजलक्ष्मीनं कडेवर घेतलं होतं. गोटीराम मुद्दाम उंबऱ्यातून धाडकन आत आला आणि फरशीवर पाय आपटून ओरडला, "हाड!"

हवालदारचं अंग ताठ झालं. त्यानं मान वळवून हौसेरावांकडं पाहिलं.

यार्डात तो असाच बघायचा. एकटा असला तर स्वतःच्या मनानं अंगावर जायचा, पण हौसेराव जवळ असले की आधी त्यांच्याकडं बघायचा. त्यांनी ओठांतल्या ओठांत "छू" म्हटलं की पुढचा माणूस गेटाबाहेर. तेवढा एक शब्द. हौसेरावांच्या जिभेवर तो आलाही होता.

गोटीरामनं पुन्हा पाय आपटला. हातवारे केले. मग हसला. "यो तं खांबावानी उबा हाय. यो काय राखन करनार?"

हौसेरावांचे कान तापले. ज्याच्या नावानं बाजारातले ट्रकवाले थांबायचे, त्याला हा असं म्हणत होता.

"अण्णा," शिवतेज म्हणाला, "तुमचं ऐकतो ना तो? जरा भुंकायला लावा त्याला."

सगळे त्यांच्याकडं बघत होते. राजलक्ष्मीही. तिनं पिऊला या कडेवरून त्या कडेवर घेतलं.

"म्हातारा झालाय त्यो," हौसेराव म्हणाले. "आता माझं बी ऐकत न्हाय."

"मंग फुकट खेप केलीव माझी," गोटीराम म्हणाला. शिवतेजवर थोडा चिडून, थोडा हसत, जिना उतरून गेला. शिवतेज त्याला सोडायला त्याच्यामागं गेला. खाली जीप सुरू झाल्याचा आवाज आला.

शकुबाईंनी आतून पाण्याचा तांब्या आणून हौसेरावांपुढं धरला. त्यांनी तो घेतला, पण पाणी प्यायले नाहीत.

हवालदार अजून तसाच ताठ उभा होता, त्या एका शब्दासाठी त्यांच्या तोंडाकडं बघत. हौसेरावांनी मान भिंतीकडं फिरवली.