मनवाला पुरेल एवढी जागा

सात वर्षांची मनवा साध्या तापाचं निमित्त होऊन गेली, आणि भेटायला येणाऱ्यांची रीघ थांबून घर रिकामं झालं तेव्हापासून तिच्या आईला, उर्मिलाला, अर्धशिशी जडली. आधी डोळ्यांपुढे नागमोडी उजेड थरथरायचा, मग उजवं कानशील ठणकू लागायचं. शेजारच्या फोडणीचा वास सोसवायचा नाही, ठाकूरद्वारच्या रस्त्यावरचा प्रत्येक हॉर्न कवटीत रुतायचा. खिडक्या लावून ती अंधारात पडून राही.

शंतनूनं बायकोला डॉक्टरांकडे नेलं.

"डोक्यातल्या रक्तवाहिन्या फुगतात, म्हणून ही ठणक," डॉक्टर म्हणाले. "या गोळीनं त्या आकसतात. दुखायला लागलं की लगेच घ्या. बोटं गार पडली तर मात्र मला कळवा."

गोळी लागू पडली. पहिल्याच खेपेला ठणका ओसरला, शंतनूचा चेहरा उजळला, त्यानं स्वतः कुकर लावला. उर्मिला मात्र जेवता जेवता रडू लागली.

"काय झालं गं?"

"ठणक्यात मनवा असते," ती म्हणाली. "दरवेळी. माझ्याशी बोलते. आज म्हणाली, आई, इथे जागा कमी होतेय."

शंतनू तिचे हात आपल्या हातांत घेऊन नुसता चोळत राहिला.

त्यानंतर उर्मिला गोळी जिभेखाली धरायची, आणि त्याची पाठ वळली की थुंकून टाकायची. सोसून सोसून ती निम्मी झाली. पोटात पाणी ठरेना. अखेर एका रविवारी दुपारी शंतनू तिच्या उशाशी बसला आणि हमसून हमसून रडला.

"एक गेली. तू तरी राहा."

तिनं त्याच्यादेखत गोळी गिळली. नागमोडी उजेड विझला, ठणका मंदावला, आणि आत कुणीतरी अंग चोरत, आणखी अंग चोरत, गप्प झालं.

दुखणं परत आलं नाही. उर्मिला पुन्हा भुलेश्वरला भाजी आणायला जाऊ लागली. वाटेत शाळेतून सुटलेल्या मुली दिसल्या की मान फिरवायची. शंतनूशी ती नीट बोलायची, त्याचा डबा करायची. त्याच्याकडे बघायची मात्र नाही.

एका संध्याकाळी ती परतली, तर घरातल्या सगळ्या खिडक्या बंद होत्या. ज्याचं डोकं जन्मात कधी दुखलं नव्हतं तो शंतनू कानशील घट्ट दाबून पलंगावर पडला होता. पांढराफटक, घामानं निथळत. ती धावतच गोळ्यांची पट्टी आणि पाणी घेऊन आली, त्याला हाका मारू लागली.

त्यानं तिचा हात मागे सारला.

"हळू बोल," तो पुटपुटला. "आत्ताच झोपलीय."