कडी आतून

नांदेडला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या भागवतला उन्हाळ्याच्या सुट्टीत लेसरच्या प्रयोगशाळेत काम मिळालं. पाण्यात बुडवलेल्या चांदीच्या पत्र्यावर लेसर मारला, की डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक कण सुटून पाण्यात मिसळतात. हे ऐकल्यापासून त्याला दुसरं काही सुचत नव्हतं.

खोलीला खिडकी नव्हती. भिंतींवर काळे पडदे. एम.एस्सी. करणारी उजमा त्याला शिकवणार होती. तिनं त्याला चष्मा दिला आणि आतून कडी लावली.

"लेसर चालू असताना कुणी आत यायला नको. डोळे जातात."

पत्र्यावर टकटक सुरू झाली आणि भागवतचा श्वास अडकला. किल्लारीच्या भूकंपात तो पाच वर्षांचा होता. आईच्या कुशीत, पडलेल्या भिंतीखाली, दुपारपर्यंत. वर दगड हलल्याचा आवाज यायचा, माणूस येत नव्हता. कॉलेजात हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं.

त्यानं धडपडत दार उघडलं. उजमानं झटकन किरण अडवला.

"पागल झालास का? समोर कुणी असतं म्हंजे?"

"लई गरम व्हायलंय," तो पुटपुटला.

काम सोडावं तर लातूरला शेषेरावकाकांचा कोचिंग क्लास होता. सुट्टीत तिथं शिकवायला ये, म्हणून त्यांचा तगादा होता. क्लासच्या पत्र्याचं छप्पर असलेल्या हॉलमध्ये बारावीपर्यंत तो दाराजवळचा बाक मिळावा म्हणून सगळ्यांच्या आधी जाऊन बसायचा.

दुसऱ्या दिवशी त्यानं उजमाला खरं सांगितलं.

"मग तू शेजारच्या खोलीत कणांची मोजणी कर. आतलं मी बघते."

"न्हाई दीदी. मला आतच बघायचंय."

"मग कडीपाशी तूच बस. उघडायच्या आधी 'बंद' म्हण, मी किरण अडवते. कितीबी वेळा म्हण."

त्यानं इतक्यांदा म्हटलं की दुपारपर्यंत काम अर्धंसुद्धा झालं नाही. उजमा कुरकुरली नाही. शेवटी किरण बंद करून तिनं चष्मा काढायला सांगितलं. भांड्यातलं पाणी फिकट पिवळं झालं होतं.

"चांदी, अन् पिवळी?"

"इतकी बारीक झाली की रंग बदलतो," उजमा हसली.

भीती गेली नाही. रोज त्याचा शर्ट घामानं भिजायचा. मे संपता संपता काकांचा फोन आला.

"बॅच सुरू व्हायलीय. उद्या निघ."

"न्हाई काका. काम चालू हाय."

काकांनी फोन आपटला. आता ते घरी तक्रार करणार आणि आपल्याला बोलणी बसणार, हे भागवतला ठाऊक होतं. शर्ट वाळेपर्यंत तो व्हरांड्यात उभा राहिला आणि परत आत गेला.