एकेचाळीस शून्ये

एकेचाळीस बाळंतिणी, प्रत्येकीला मनःस्थितीचे दहा प्रश्न, आणि प्रत्येकीचे गुण शून्य, म्हणजे कुणालाच काही त्रास नाही. काहीही ठेवले तरी शून्यच दाखवणारा काटा बिघडलेला असतो, हे बालविकासतज्ज्ञ डॉ. दमयंतीला कळायला हवे होते. तरीही महिन्यापूर्वी तिने त्या तक्त्याखाली सही केली होती.

आज ती त्यांतल्या एकीच्या घरी आली होती, कारण तिथला पाच महिन्यांचा बासित तपासणीत एकदाही हसला नव्हता. वजन, कान, नजर, सगळे ठीक. बाळ आवाज करते, समोरून उत्तर येते, त्यातून बोलणे उगवते. उत्तरच आले नाही तर बाळ हळूहळू हाक देणे सोडते. एका बाळावरून निष्कर्ष काढायची दमयंतीला सवय नव्हती. शंका घ्यायची मात्र होती.

बासितची आई शाइस्ता भिंतीला टेकून बसली होती. बाळ मांडीवर, नजर दाराकडे.

"पूर्वीसारखं हसायला येतं का?" दमयंतीने पहिला प्रश्न विचारला.

"येतं की. का नाय येणार? पोरगा झालाय," सासू जोहराबी म्हणाल्या.

"मी शाइस्ताला विचारतेय."

"ती लाजती, डॉक्टरबाई. मागं तुमच्या लक्ष्मीबाई आल्या, तवा बी समदं मीच सांगितलं. त्या म्हणल्या, लई सोपं झालं."

म्हणजे सेविका लक्ष्मीबाईंनी सासवांची तपासणी केली होती. सुनांना कुणी विचारलेच नव्हते.

बाहेर टँकरचा भोंगा वाजला. २०१६चा एप्रिल; शहर मुकुंदवाडीच्या पुढे या वस्तीपर्यंत सरकले होते, नळ सरकला नव्हता. पाणी नऊ दिवसांनी आले होते. जोहराबी लगबगीने नळी धरायला गेल्या.

दमयंतीने दहावा प्रश्न आधी घेतला. "शाइस्ता, स्वतःला काही करून घ्यावं, असं मनात आलं?"

शाइस्ताने बाळाच्या टोपड्याची नाडी सोडली, पुन्हा बांधली.

"दोनदा झाकण उघडलं," ती म्हणाली. "हौद कोरडा होता."

अंगणात फरशीवरून नळी ओढल्याचा आवाज आला. मग हौदात पाणी पडू लागले.

"सासूबाईंना सांगू?" दमयंतीने आवाज सपाट ठेवला. "तू नको म्हणालीस तरी तुला एकटी सोडून मी जाणार नाही."

पाण्याचा आवाज भरदार होत गेला. शाइस्ताने होकारार्थी मान हलवली.

दमयंती दारातच उभी राहिली, शाइस्ताला नजरेआड होऊ न देता. तिने जोहराबींना जवळ बोलावून चार वाक्यांत सांगितले. हा आजार आहे. यावर उपचार आहेत. मोठ्या दवाखान्यात आत्ताच जायचं. बाळही सोबत.

"आमच्यात असलं काय..." जोहराबींनी सुनेकडे पाहिले, मग हौदाकडे. पाणी दोन हात चढले होते.

"नऊ दिवसांनी आलंय," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग नळी बाहेर ओढून त्यांनी कुंपणापलीकडे शेजाऱ्यांना दिली. "बद्रीनाथभाऊ, घ्या, तुमची टिपाडं भरा." झाकण लावले. स्वयंपाकघरातला दगडी पाटा दोन्ही हातांनी आणून झाकणावर ठेवला.

"ऊठ, पोरी. लेकराला माझ्याकडं दे."

रिक्षात दमयंतीने पहिला प्रश्न पुन्हा विचारला. जोहराबींचे तोंड उघडले. त्यांनी पदर ओठांवर दाबून धरला आणि सुनेच्या उत्तराची वाट पाहिली.