ठाण्यातला बाक चौकात आला

मी एक जुना बाक आहे, पोलीस ठाण्याचा. आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, माझा तुमच्यावर विश्वास नाही. वाईट वाटून घेऊ नका. माझ्यावर कुणी टेकलं की माझ्या मनात पहिला प्रश्न एकच येतो, हा इथे का बसला असेल? चाळीस वर्षांची सवय आहे ती, एका दिवसात कशी जाईल?

जन्मतः मी असा नव्हतो. एका सुताराने गोदामाच्या जुन्या दारांच्या फळ्यांतून मला बनवलं. रंधा मारताना तो मजेत शीळ घालायचा. पाय ठोकून झाल्यावर तो स्वतः माझ्यावर दोनदा धपकन बसला आणि बायकोला म्हणाला, "हत्ती बसला तरी कुरकुरणार नाही हा!" मला वाटलं, आपण शाळेत जाणार, नाहीतर एखाद्या बागेत. दुसऱ्या दिवशी हातगाडी आली आणि माझी रवानगी थेट ठाण्याच्या व्हरांड्यात झाली.

तिथे माणसं कशी बसायची माहीत आहे? हरवलेल्या छत्रीची चौकशी करायला आलेला माणूससुद्धा चोरासारखा कडेला टेकायचा. तो शेजारच्याकडे तिरक्या नजरेने बघायचा, शेजारचा त्याच्याकडे. दोघांच्याही मनात हेच, की मी बापडा साधा माणूस, हाच काहीतरी करून आलेला दिसतोय. पोलीस दोघांकडे तसंच बघायचे. मग मी दुसरं काय शिकणार? ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला.

मग ठाण्यात नवीन साहेब आल्या. बाई होत्या, पण सगळे त्यांना साहेबच म्हणायचे. पहिल्याच आठवड्यात त्यांच्या लक्षात आलं की माणसं ठाण्याच्या पायऱ्यांपर्यंत येतात, वर बघतात आणि माघारी वळतात. त्या म्हणाल्या, "लोक आपल्या पायऱ्या चढत नाहीत ना? मग आपणच पायऱ्या उतरू." झालं! चार शिपायांनी मला उचललं आणि बाजाराच्या चौकात, अगदी मधोमध नेऊन ठेवलं. शेजारी पाटी लावली, 'या, बसा, बोला'. सगळं उघड्यावर असलं की लोकांची भीती जाईल, असा त्यांचा हिशोब होता. मला तेव्हाच शंका आली होती, पण मला विचारतो कोण?

माझ्यावर रोज सकाळी बसायचं काम जमादारकाकांना मिळालं. काकांची नोकरी संपत आली होती, पोट सुटलं होतं आणि स्वभाव लोण्यासारखा होता. एकच खोड होती. प्रत्येक गोष्ट ते वहीत लिहून घ्यायचे, आणि लिहायचे ते पहिलीतल्या मुलासारखं. एकेका अक्षरावर थांबायचे, चष्मा पुसायचे, लिहिलेलं वाचून दाखवायचे आणि मग खोडून पुन्हा लिहायचे.

पहिले पंधरा दिवस कुणी फिरकलंच नाही. माणसं माझ्याकडे बघत बघत लांबून वळसा घालून जायची. काका मुलांना पेन्सिली वाटायचे, तर पोरं हात मागे बांधून म्हणायची, "आई म्हणते घ्यायचं नाही." एकाने तर चपलेचा पट्टा नीट करायच्या निमित्ताने खाली वाकून माझ्या पोटाखाली बघितलं. यंत्र लावलंय का बोलणं ऐकणारं, म्हणून! काका हसून म्हणाले, "नीट बघ रे, च्युइंगम चिकटवलेलं सापडेल फक्त." तो हसला नाही. चालता झाला.

माझ्यावर बेधडक बसणारी एकच होती, गॅरेजवाल्याची म्हातारी आई. तिचे गुडघे गेलेले. ती चौकात पोचली की जिथे जागा दिसेल तिथे बसायची, दुकानाच्या पायरीवर, पालथ्या घातलेल्या खोक्यावर, तशी माझ्यावर. त्यामुळे तिच्याकडे कुणी लक्षच देत नसे.

आणि एका सोमवारी शिंपीणताई येऊन बसल्या. ताई एकट्या राहायच्या. चौकातच त्यांचं एक मशीन मावेल एवढं दुकान होतं, आणि निम्म्या गावाची मापं त्यांना तोंडपाठ होती. त्या म्हणाल्या, "काका, शाळेच्या कोपऱ्यावरचा दिवा दोन महिने बंद आहे. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुली अंधारातून घरी जातात. तेवढं बघा." बोलून संपायला अर्धं मिनिट लागलं. काकांना लिहायला पाव तास लागला. ताई बिचाऱ्या बसून राहिल्या, मधे एकदा म्हणाल्या, "काका, मी लिहून देऊ का?" काका म्हणाले, "नाही हो, नियम आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी चौक ओस पडला होता. म्हातारी काकांच्या शेजारी बसली होती. ती हळूच म्हणाली, "जमादार, माझ्याकडे बघू नका. समोर बघा आणि ऐका. आमच्या परसात ताडपत्रीखाली सायकली आहेत. अकरा. शाळेबाहेरून चोरीला गेलेल्या त्याच. माझा लेक त्यांना रंग मारतोय."

काकांचा हात वहीकडे गेला.

"लिहिलंत तर उठून जाईन."

"नाही लिहीत, आजी."

"एकीला छोटी घंटा आहे हो. कुणाच्या तरी लेकराने हट्ट करून लावून घेतली असेल. मला जेवण जात नाही." मग ती बराच वेळ गुडघे चोळत राहिली. "एकच लेक आहे मला. त्याला मारू नका. आणि माझं नाव बाहेर फुटलं तर माझं म्हातारपण रस्त्यावर येईल."

"नाही फुटणार. शब्द आहे माझा," काका म्हणाले.

मित्रांनो, खरं सांगतो, मी तिच्यावरही संशय घेतला. आई कुठे पोटच्या पोराविरुद्ध बोलते का? नक्की घरात भांडण झालं असणार, सूड उगवतेय म्हातारी, असं ठरवून मी मोकळा झालो. संशय घ्यायला काय लागतं? जागचं हलावंही लागत नाही.

बुधवारी पोलिसांनी गॅरेजवाल्याच्या परसातून अकरा सायकली बाहेर काढल्या. मुलं नाचली. पण मोठ्यांच्या तोंडी निराळंच सुरू झालं. गॅरेजवाला वाईट असेल, पण आपल्यातला होता. घरभेदी कोण? बाकावर कोण बसलं होतं? माझ्या समोरच घड्याळजीचं दुकान. तो छाती ठोकून म्हणाला, "शिंपीणबाई बसली होती. पाव तास! दहा घड्याळं आहेत माझ्या भिंतीवर, मी काय खोटं बोलेन? अहो, दिव्याचं सांगायला पाव तास लागतो का कधी?"

झालं. ताईंच्या दुकानात शिवायला टाकलेले कपडे लोक न शिवताच परत न्यायला लागले. मुलींचं शिकणं बंद झालं. काकांना राहवेना. त्यांनी चौकात उभं राहून सांगितलं की ताईंनी काहीही सांगितलेलं नाही. लोक एकमेकांना कोपर मारून म्हणाले, "बघितलंस? पोलीस तिची बाजू घेतायत!" ताई म्हणाल्या, "काका, वही दाखवा ना त्यांना." काकांनी वही उघडून दाखवली. दिव्याच्या चार ओळी होत्या, तीनदा खोडलेल्या. लोक म्हणाले, "खरी वही ठाण्यात असणार." आणि त्याच आठवड्यात नेमका तो दिवा लागला. मग काय विचारता! "घ्या, बक्षीसही मिळालं बाईंना!"

एके दुपारी काका जेवायला गेले असताना कुणीतरी येऊन माझ्या पाठीवर खिळ्याने कोरलं, 'चुगलखोर'. खिळा कुणाचा होता ते मी सांगणार नाही, पुरे झाल्या चुगल्या. पण दुखलं फार. चाळीस वर्षांत भल्याभल्यांना पेलताना मी कधी कुरकुरलो नव्हतो, त्या दिवशी कुरकुरलो.

त्यानंतर म्हातारी रोज यायची आणि नेमकी त्या अक्षरांवर पाठ टेकून बसायची. संध्याकाळपर्यंत उठायची नाही. मी मनात म्हणायचो, बघा कशी पक्की आहे! दुसरीवर बालंट आलं आणि ही त्याला खुशाल टेकून बसलीय. काका तिच्याकडे बघायचे, तोंड उघडायचे आणि पुन्हा मिटायचे. शब्द दिला होता ना!

बाजाराच्या दिवशी ताईंच्या दारात हातगाडी लागली. मशीन चढलं, आरसा चढला, कापडांचं गाठोडं चढलं. ताई गाव सोडून भावाकडे निघाल्या होत्या. चौक भरलेला होता, पण दोरी बांधायला कुणी हात लावला नाही. मधेच ताई एक पुडकं घेऊन माझ्याकडे आल्या.

"आजी, तुमचं जाकीट. तेवढं एकच काम राहिलं होतं. आतून एक खिसा जास्त लावलाय, तुमच्या गोळ्यांसाठी."

म्हातारीने पुडकं मांडीवर घेतलं. मग ती थोडी सरकली, माझ्या पाठीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "पोरी, माझे डोळे अधू झालेत. काय लिहिलंय गं इथे?"

ताईंनी बघितलं. "काही नाही, आजी. पोरांनी रेघा ओढल्यात," त्या म्हणाल्या आणि हातगाडीकडे वळल्या.

आता तुम्हाला सांगतो, म्हातारीचे गुडघे गेले होते, डोळे ठणठणीत होते. पहिल्या दिवशीच तिने ते वाचलं होतं. ती त्याला खुशाल टेकून बसत नव्हती, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसू नये म्हणून पाठीने झाकून ठेवत होती. मला, तिची पाठ रोज अंगावर घेणाऱ्याला, ते कळलं नव्हतं. लाज वाटली हो!

ती माझा हात धरून उभी राहिली.

"गाडी थांबव!" एवढ्याशा जिवातून एवढा आवाज निघेल असं कुणाला वाटलं नव्हतं. "घड्याळजी, इकडे बघ. पोरगी पाव तास बसली तो तू मोजलास. मी इथे रोज बसते, ते मोजलंस का कधी? सायकलींचं मी सांगितलं. मी! माझ्याच घरातलं होतं, म्हणून मीच सांगितलं. कोरायचं तर माझं नाव कोरा!"

काकांनी चष्मा काढला आणि पुसतच राहिले. जामिनावर सुटून आलेला गॅरेजवाला त्याच्या दुकानाच्या दारात उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. तो पाना तसाच हातात घेऊन निघाला तेव्हा लोक बाजूला झाले. तो आईसमोर येऊन थांबला. मी पुन्हा संशय घेतला, मित्रांनो. काय करू, आता हा हात उचलणार असंच वाटलं मला.

"आई," तो म्हणाला. त्याने पाना या हातातून त्या हातात घेतला. मग म्हणाला, "ऊन लागतंय. घरी चल."

"गुडघे दुखतायत," म्हातारी म्हणाली. "बसते जरा. तूही बस."

पोलिसांच्या बाकावर, भर बाजारात, सगळ्या गावासमोर. त्याने एकदा काकांकडे बघितलं. काका सरकले. तो आईच्या शेजारी बसला, पाना खाली ठेवला आणि तोंड ओंजळीत घेऊन रडला. बसला तो कडेला टेकून नाही, अगदी मागे रेलून, घरच्यासारखा. म्हातारी सोडली तर इतक्या वर्षांत माझ्यावर असं कुणी बसलं नव्हतं.

हातगाडीवरची दोरी घड्याळजीनेच सोडली. मशीन उतरवताना त्याने ताईंना तोंड दाखवलं नाही. ताई एवढंच म्हणाल्या, "सावकाश हो, पाय मोडेल त्याचा." त्या राहिल्या. मुली पुन्हा शिकायला यायला लागल्या, थोड्या उशिरा, एकेक करून.

आता मी खूप जुना झालो आहे. माझा एक पाय डुगडुगतो, त्याखाली दगडाची चकती घातली आहे. काकांनी निवृत्त व्हायच्या आदल्या दिवशी पॉलिश पेपरने माझी पाठ स्वतः घासली, तरी उन्हं तिरपी झाली की ती अक्षरं अजून दिसतात. मित्रांनो, माझ्यावर खिळे चालवू नका. लाकूड घासता येतं, पण ज्याच्या नावाने कोरता तो माणूस घासून पूर्वीसारखा होत नाही. आणि माझ्यावर कुणी बसलेलं दिसलं, तर घड्याळ बघू नका. माझ्यावर चार माणसं मावतात. शेजारी येऊन बसा. मीही सवय मोडायचा प्रयत्न करतोय. परवा एक अनोळखी माणूस आला, बराच वेळ गप्प बसला आणि निघून गेला. तो का बसला होता, असं मी विचारलं नाही. म्हणजे, लगेच तरी नाही.