पूजेतली बाटली

खंडेनवमीला फ्लाइंग क्लबच्या दोन आसनी विमानाची पूजा झाली. चेअरमन येणार म्हणून मॅनेजर मारुतीरावांनी कॉकपिटमधल्या आग विझवायच्या बाटलीलाही लाल रंगाचे दोन हात दिले होते. बाटली चालू करायला ओढायची पिन रंगाखाली चिकटून बसली होती. मेकॅनिक यमनाप्पाला ते बघूनच चीड आली.

"अण्णा, पिन मोकळी करतो," तो मारुतीरावांना म्हणाला.

"पूजा घातलीया न्हवं? उद्या दसऱ्याला पूजा हलल्याबिगर हत्याराला हात लावायचा न्हाय."

"मग इमान कसं उडतंय?"

"चेअरमन बघायला आल्यात. गुमान बस जा."

नियम बाटलीला, विमानाला मात्र सगळी सूट. असल्या सोयीच्या सोवळ्याची यमनाप्पाला किळस आली. पण नोकरी होती. तो पायलट बसवंतच्या शेजारी जाऊन बसला.

बेळगाव मागे पडतं न पडतं तोच पॅनलमागून जळक्या वायरीचा वास आला, मग धूर. बसवंतनं मेन स्विच बंद करून विमान माघारी वळवलं. पॅनलखालून ज्योत डोकावली. यमनाप्पानं बाटली घेतली, पण पिन हलेना. दातांनी ओढली, तर तोंडात नुसता रंगाचा पोपडा आला. शेवटी सदरा काढून त्यानं दोन्ही हातांनी आग दाबून धरली. विमान उतरलं तेव्हा तळव्यांची सालटी निघाली होती.

दसऱ्याला सकाळी चौकशीचे साहेब यायचे होते. हातांना पट्ट्या बांधून यमनाप्पा आला, तर मारुतीराव मांडीवर बाटली घेऊन कानशीनं रंग खरवडत बसलेले. बाटली ठीक होती, यमनाप्पाच घाबरला, असा कागदही लिहून तयार.

"सकाळीच पूजा हालवली," ते म्हणाले. "आता हात लावला तर चालतंय." वर आपट्याचं पान पुढं केलं. "सोनं घे. कागदावर अंगठा तेवढा उठीव."

यमनाप्पानं बाटलीकडं बघितलं. आपल्याच नियमापायी या माणसानं रात्रभर बाटलीला हात लावला नव्हता, म्हणून रंग अजून पिनीपर्यंत निघाला नव्हता. पान त्याच्या पट्टीवरून घसरून पडलं. बोटं मिटतच नव्हती. त्यानं दोन्ही मनगटांत बाटली उचलली, छातीशी धरली आणि फाटकापाशी जाऊन बसला.

मारुतीराव मागोमाग धावले. यमनाप्पानं मान वर केली.

"साहेब येस्तोवर," तो म्हणाला, "हिला कुणी हात लावायचा न्हाय."