शेजारचं सुतारकाम

मित्रांनो, मला हातात घ्याल तर काठाला धरा. बोटांचे ठसे आता सोसत नाहीत. मी रोटरडॅमची एक जुनी काळी तबकडी आहे.

माझा जन्म नव्वदच्या दशकातला. गोद्यांच्या त्या शहरातल्या तरुणांनी एक दणदणीत संगीत घडवलं होतं. त्यातला ठेका इतका वेगवान आणि फाटका, की छातीवर घण पडतायत असं वाटावं. डोकी भादरलेली पोरं ट्रॅकसूट घालून मोठमोठ्या सभागृहांत हजारोंनी नाचत. त्या संगीताला ‘गॅबर’ म्हणत. तिथल्या बोलीत त्याचा अर्थ दोस्त. थोरामोठ्यांनी नाकं मुरडली, पण मी वाजत असताना कुणी एकटं उरत नसे.

पुढे ते वेड ओसरलं. हात बदलत मी तोक्योतल्या एका जुन्या रेकॉर्डांच्या दुकानात आले. तिथे २००३ साली देवदत्तरावांनी मला उचललं. पुण्याचे सॉफ्टवेअरवाले, पत्नी वारलेली, मुलगी अक्षया पुण्यात. तोक्योतल्याच निशी-कसाई भागात दोन खोल्यांत ते एकटेच राहत.

पुण्यात त्यांनी भावगीतांच्या तबकड्याच ऐकल्या होत्या. त्या सवयीने त्यांनी मला मिनिटाला तेहतीस फेऱ्यांच्या वेगावर लावलं. माझा वेग पंचेचाळीसचा! पुढच्या खेपेला दुकानदाराने चूक दाखवली, तर म्हणाले, “असू द्या. घाई ऑफिसात पुष्कळ असते.”

दर रविवारी सकाळी ते मला हळू आवाजात लावत. तेवढ्यात अक्षयाचा फोन येई.

“बाबा, ही कसली ठकठक?”

“शेजारी सुतारकाम चाललंय गं.”

“दर रविवारी? जपानी सुतार सुट्टी घेत नाहीत?”

“इथे कुणीच घेत नाही, बाळा.”

पंचावन्नाव्या वर्षी असलं काही ऐकतो हे लेकीला सांगायला ते लाजत. फोन ठेवला की पायमोज्यांतच उभे राहून जमिनीवर हलके पाय आपटत. हजारोंसाठी जन्मलेली मी, माझ्यापाशी आता एवढा एकच माणूस होता.

२००८च्या हिवाळ्यात तोही गेला.

घर रिकामं करायला अक्षया आली. मदतीला बाबांच्या ऑफिसातली वैभवी होती, हातात जळणाऱ्या-न जळणाऱ्या कचऱ्याच्या वर्गवारीचा तक्ता घेऊन.

“तबकडी जळते का गं?” अक्षयाने विचारलं.

“तक्त्यात तबकडी नाहीच. आधी वाजवून तरी बघ.”

अक्षयाने माझ्यावरचा आकडा वाचला, यंत्राचा वेगाचा खटका पंचेचाळीसवर सरकवला. मी सगळा जीव ओतून वाजले.

“ई! बाबांची नाहीच ही. कुणीतरी ठेवून गेलं असेल.”

मी न जळणाऱ्या कचऱ्याच्या पिशवीत गेले. मला ओरडता आलं असतं तर!

यंत्र गुंडाळताना वैभवी म्हणाली, “अगं, खटका आधी तेहतीसवर होता.”

अक्षया थांबली. तिने मला पिशवीतून काढलं, पदराने पुसलं आणि खटका मागे नेला.

ठक. ठक. ठक.

ती खाली बसली. “सुतार,” एवढंच म्हणाली. मी वाजून संपेपर्यंत दोघींपैकी कुणी उठलं नाही.

मित्रांनो, गेलेल्या माणसाची वस्तू टाकण्याआधी ती एकदा त्याच्या वेगाने चालवून बघा.

आता मी पुण्यात असते. दर रविवारी सकाळी वरच्या मजल्यावरच्या सुहासिनीकाकू खिडकीतून विचारतात, “अक्षया, काय गं ही ठकठक?”

“सुतारकाम चाललंय, काकू,” ती म्हणते, आणि पायांचा आवाज होऊ नये म्हणून पायमोजे चढवते.