सीतेच्या आसवांमागं

बायकोच्या फोटोपायी सुट्टीचा दिवस उकिडवं बसून घालवायचा, हे उदयसिंहाच्या घराण्यात कुणी केलं नसेल. सैन्यातला हवालदार गडी, हातात बायकोची फुलाफुलांची छत्री आणि काम काय? तर वारा अडवायचा! ठोसेघरच्या वर, सड्याच्या उघड्या पठारावर पवनचक्क्या घुमत होत्या आणि वारं तर उभ्या माणसाला ढकलत होतं. अशात नखाएवढ्या फुलाचा फोटो काढायचा म्हणजे कुणीतरी आडोसा धरायलाच हवा.

क्रांती फुलापुढं पोटावर आडवी पडली होती. विश्रामबागेत कॉलेजात शिकवणारी बाई, पण इथं चिखलात कोपरं रुतवून पडायला तिला काडीची लाज नव्हती. सीतेची आसवं म्हणतात ती जांभळी फुलं सगळीकडं पसरली होती. तिची मॅक्रो लेन्स एका फुलाला जवळजवळ टेकली होती. फुलाच्या मागं, छत्री धरून, तिचा नवरा बसला होता.

"अहो, हलू नका. छत्री कलली बघा."

"अगं, पायाला मुंग्या आल्यात. फूल हाय का मंत्री? किती येळ मान राखायचा त्याचा?"

क्रांतीला हसू फुटलं. हसताना हात हलला, लेन्सची कडी किंचित फिरली आणि फुलामागच्या धुरकट रंगात एक तपकिरी पट्टा दिसला. वाळकं गवत असेल, असं तिला वाटलं. मग तो पट्टा स्वतःवरच घासत सरकला. करवतीनं लाकूड घासावं तसा खरखर आवाज आला. तिनं कडी आणखी फिरवली. एकेक खवला स्पष्ट झाला, मग डोक्यावरची बाणासारखी खूण.

फुरसं! आणि नवऱ्याचा डावा हात दगडावर टेकलेला, त्याच्यापासून वीतभर अंतरावर.

दुसरी कुणी असती तर बोंबलली असती. पण क्रांती आपल्या माणसाला पुरती ओळखून होती. हा शिराळ्याचा. पोरवयात नागपंचमीच्या आधी रानात जाऊन नाग शेपटीला धरून मडक्यात घातलेला. पुढं कायद्यानं ते बंद झालं, पण हाताची सवय कुठली जातीय? साप म्हटलं की याचा हात आधी जाणार आणि डोळे मागनं. फुरसं काही नाग नव्हे. ते फणा काढून सावध करत बसत नाही, शेपटीला धरलं तर उलटून डसतं. आणि बोटाएवढ्या जाडीच्या त्या प्राण्याला हा साप तरी कशाला म्हणतोय!

आवाज न चढवता ती म्हणाली, "तसेच बसा. एकदम झकास येतोय फोटो."

फुरशानं वेटोळं सोडलं. आडवं आडवं सरकत त्याच्या करंगळीजवळ आलं. तिच्या मनात शिराळ्याच्या अंबाबाईला हात जोडायचे होते, पण हात कॅमेऱ्याला चिकटले होते. आई, एवढं वाचव, एवढं वाचव, इतकंच ती म्हणत राहिली. फुरशानं जीभ काढली, थांबलं, मग वळलं आणि दगडाखाली शिरू लागलं.

"गेलं बाई एकदाचं!" तिच्या तोंडून निसटलं.

"काय गेलं?"

त्यानं वळून बघितलं. शेपटी अजून बाहेर होती.

"ह्ये व्हय! अगं, एवढुसं तर..."

"उदय, नको!"

लग्नाला आठ वर्षं झाली, कधी नवऱ्याला नावानं हाक मारली नव्हती. पण तोवर शेपटी त्याच्या चिमटीत होती आणि फुरसं उलटलं होतं. त्यानं हात झटकला. फुरसं लांब जाऊन पडलं. अंगठ्यावर रक्ताचे दोन थेंब आले.

"काटा टोचल्यागत झालं. रडतीस काय येड्यासारखी? नागाच्या फण्यावर हात फिरवलेला माणूस हाय मी."

रडू नको तर काय करू! स्वतःच्या जिभेला शिव्या घालत तिनं त्याला ओढतच गाडीत बसवलं आणि स्टिअरिंग स्वतः धरलं. कॅमेरा तिथंच सड्यावर राहिला. हॉस्पिटल गाठायचं तर साताऱ्यापर्यंत सगळा घाट उतरायचा होता.

अंगठा सुजून मनगट भरलं. गुंडाळलेला रुमाल भिजला, दुसरा भिजला, फुरशाच्या विषानं रक्त काही गोठेना. हा मात्र वाटभर बोलत होता. पोरपणी एकदा नाग हातातनं सुटून चुलत्याच्या पायजम्यात कसा शिरला, चुलता गावभर कसा पळाला, अन् काय काय. सांगता सांगता तो मोठ्यानं हसला. वळणावर क्रांतीनं त्याच्याकडं बघितलं. त्याच्या दातांच्या फटी लाल झाल्या होत्या.

"काय गं? अशी काय बघतीस?"

आता लपवून काय उपयोग होता?

"तुमच्या हिरड्यांतून रक्त येतंय."

त्यानं जीभ फिरवली. चव कळली असावी. चुलत्याची गोष्ट अर्धीच राहिली. त्यानं चांगला हात तिच्या गुडघ्यावर ठेवला.

"क्रांती," तो हळूच म्हणाला, "गाडी जरा जोरात घे गं."